सार्वजनिक काका, न्यायमूर्ती आणि आपली कमिटी

स्मरणिका समितीने मला "तुम्ही इतिहासाचे शिक्षक, तेव्हा सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा" असे सांगितले. पायाभरणी, ताबा, पहिली लिफ्ट, पहिला गणपती हे सगळे या अंकात इतरांनी माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे आणि फोटोही भरपूर आहेत. म्हणून मी समितीची परवानगी घेऊन थोडा जुना इतिहास लिहितो. तो आपल्या सोसायटीचा नाही, पण वाचताना आपल्यापैकी बऱ्याच जणांचे चेहरे त्यात दिसतील असे मला वाटते.

विषय निवडायला एक कारण झाले. यंदा कमिटीची मुदत संपते आहे. नव्या निवडणुकीसाठी उभे राहा असे ज्यांना ज्यांना विचारले, त्यांतल्या बहुतेकांचे उत्तर एकच होते. "अहो, पहिल्या चेअरमनसाहेबांसारखा माणूस पाहिजे त्याला. आपल्याला नाही जमायचं." कोणी म्हणाले, "मला चारचौघांत बोलता येत नाही." कोणी म्हणाले, "मला भांडता येत नाही." एक ताई म्हणाल्या, "मला फक्त हिशेब कळतो, पुढारीपण नाही कळत." म्हणजे पुढारी कसा असतो याचे एकच चित्र आपल्या डोक्यात पक्के बसले आहे आणि त्या चित्रात आपण बसत नाही म्हणून आपण मागे राहतो. ते चित्रच अपुरे आहे, एवढे सांगण्यासाठी हा लेख.

पन्नास सह्यांचा सभासद

२ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. काँग्रेसच्या पंधरा वर्षे आधी. निमित्त अगदी आपल्या एजीएममध्ये शोभेल असे होते. पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार पंचांकडे होता आणि त्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. तक्रार करायची तर कोणी करायची, आणि ती सगळ्यांच्या वतीने आहे हे सरकारला कसे पटवायचे, असा प्रश्न पडला. त्यातून कल्पना निघाली की लोकांच्या वतीने बोलणारी एक कायमची संस्थाच का असू नये? औंधचे पंतप्रतिनिधी तिचे अध्यक्ष झाले.

सभासद होण्याची अट मला नेहमी फार आवडते. ज्याला सभासद व्हायचे त्याने किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. जात, धर्म कोणताही चालेल. "हा आमच्या वतीने बोलेल" असे पन्नास जणांनी लिहून दिले पाहिजे. सुरुवातीला ९५ सभासद होते आणि त्यांच्या मागे सुमारे ६००० लोकांच्या सह्या होत्या. मतदानाचा हक्क नसलेल्या देशात हे घडत होते.

या संस्थेत पगार नव्हता. कोणाला हुकूम सोडता येत नव्हता, कोणाला कामावरून काढता येत नव्हते. कोणी आला नाही तर नाही आला. आपल्या सोसायटीचेही हेच आहे. ऑफिसात साहेब म्हणून वावरलेली माणसे कमिटीवर आली की पहिले सहा महिने गोंधळतात. तिथे सांगितले की काम होते. इथे सांगितले की समोरचा म्हणतो, "तुम्हीच करा ना." म्हणून अशा संस्थेत माणूस पुढे कसा होतो आणि लोक त्याच्या मागे का जातात, हे पाहण्यासारखे असते. सार्वजनिक सभेत ते निदान चार तऱ्हांनी झाले.

आधी स्वतः करणारा

पहिली तऱ्हा गणेश वासुदेव जोशी यांची. जन्म १८२८, साताऱ्याचा. पुण्यात आले ते कारकुनीसाठी, पुढे परीक्षा देऊन वकील झाले. सभा उभी करण्यात यांचा पुढाकार होता आणि पुढची दहा वर्षे त्यांनी सभेसाठी इतकी धावपळ केली की लोक त्यांचे आडनाव विसरले. ते 'सार्वजनिक काका' झाले. संस्थेचे नाव माणसाला चिकटावे, याहून मोठे मानपत्र कोणते?

काकांची पद्धत सोपी होती. जे इतरांना सांगायचे ते आधी आपण करायचे. देशी धंदे बुडाले, देशी माल वापरला पाहिजे असे त्या काळात बरेच जण म्हणत. काकांनी १२ जानेवारी १८७२ रोजी शपथ घेतली आणि स्वतः कातलेल्या सुताचे कापड वापरू लागले. त्या दिवशी गांधीजी सव्वादोन वर्षांचे होते, हे मी वर्गात मुलांना सांगत असे आणि मुले हसत. देशी वस्तूंची दुकाने निघावीत म्हणून काकांनी खटपट केली. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबाराला राजेरजवाडे जरीच्या पोशाखात आले होते. सभेचे प्रतिनिधी म्हणून काका तिथे गेले ते जाड्याभरड्या खादीत.

१८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला चालला. सरकारविरुद्ध शस्त्र उचललेल्या माणसाचे वकीलपत्र घेणे म्हणजे काय, हे आज नीट कळणार नाही. काका त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्यासारख्या माणसाचे वजन असे कृतीतून वाढते. तो भाषण करत नाही. तो जाऊन उभा राहतो, आणि मग घरात बसलेल्यालाच लाज वाटते.

आपल्याकडे ताबा मिळाल्यानंतरची पहिली दोन वर्षे आठवा. नळाला पाणी नव्हते. टँकर रात्री दोनला यायचा तरी पहिले चेअरमनसाहेब लुंगीवर खाली उभे असायचे, पाईप धरायचे, वॉचमनला चहा पाजायचे. कोणाला "खाली या" असे ते कधी म्हणाले नाहीत. पण महिन्याभरात आठ-दहा जण खाली यायला लागले. ही काकांची जात.

या तऱ्हेला एक मर्यादा असते. सगळे काम एका माणसाच्या पायांवर चालते. त्याला ताप आला की काम थांबते. आणि लोकांना सवय लागते, "ते बघतील."

खुर्चीवर न बसणारा

दुसरी तऱ्हा महादेव गोविंद रानडे यांची. ते १८७१ च्या अखेरीस न्यायखात्यात पुण्याला आले तेव्हा वय २९. सरकारी नोकर, त्यामुळे सभेत उघडपणे पुढे येणे अवघड. पण काही महिन्यांतच सभेचा विचार त्यांच्या डोक्यातून चालू लागला.

काका माणसांकडे जात. रानडे कागदांकडे जात. शेतकरी कर्जात बुडाला आहे, हे सगळ्यांना माहीत होते. रानड्यांचा प्रश्न वेगळा असे. किती बुडाला? सारा किती, उत्पन्न किती, सावकाराचे व्याज किती? सभेने दख्खनच्या रयतेच्या स्थितीची चौकशी करायला पोटसमिती नेमली आणि १८७३ मध्ये तिचा अहवाल निघाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, मे १८७५ मध्ये, सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि तो दख्खनभर पसरला. अहवालात लिहिलेले दुखणे रस्त्यावर आले होते.

१८७८ मध्ये सभेचे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. त्यातले अनेक लेख रानड्यांचे होते, पण त्यावर त्यांचे नाव नसे. संस्थेचे मत म्हणून ते जात. आपले नाव खाली न घालता वर्षानुवर्षे लिहीत राहणे ही साधी गोष्ट नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर साधी सूचना टाकली तरी खाली आपले नाव आपण विसरत नाही.

या पडद्यामागच्या माणसाला किंमतही मोजावी लागली. सरकारला संशय होताच. त्यांची १८७८ मध्ये नाशिकला आणि पुढे धुळ्याला बदली झाली. तिथे त्यांची टपाले उघडून पाहिली जात, असे रमाबाई रानडे यांच्या आठवणींतून कळते.

आपल्याकडे हा माणूस कोण? बिल्डरने जमीन आपल्या नावावर करून दिली नव्हती. मीटिंगमध्ये सगळे बिल्डरला शिव्या द्यायचे आणि चहा पिऊन घरी जायचे. बी विंगमधले एक काका, ज्यांचा आवाजही कधी कोणी फारसा ऐकला नव्हता, ते मात्र सात-बारा, मंजूर नकाशे, इंडेक्स टू, प्रत्येकाच्या करारनाम्याची प्रत असे सगळे गोळा करत बसले. अडीच वर्षे. मध्ये लोक म्हणाले, "हे नुसत्या फायली करतात." शेवटी मानीव अभिहस्तांतरण झाले ते त्या फायलींमुळे. ज्या दिवशी आदेश हातात आला त्या दिवशी पेढे वाटायला सगळे पुढे होते. ते गृहस्थ झेरॉक्स काढायला गेले होते.

याही तऱ्हेला मर्यादा आहे. काम दिसत नाही, हळू चालते, आणि ज्यांच्यासाठी चालते त्यांनाच ते कळत नाही. लोक कंटाळतात आणि एकेक करून मीटिंगला यायचे बंद होतात.

वही सांभाळणारे आणि दार उघडणारे

तिसरी तऱ्हा पुस्तकांत दोन ओळींत उरकली जाते. सीताराम हरी चिपळूणकर सभेचे चिटणीस होते. सरकारला जाणारी पत्रे, आलेली उत्तरे, सभांची नोंद, ही सगळी त्यांच्यासारख्या माणसांची कामे. काकांनी गावोगावची माणसे जोडली आणि रानड्यांनी विचार दिला, तरी तो विचार वेळेवर, शुद्ध भाषेत, योग्य टेबलावर पोचला नाही तर काय उपयोग?

अशा माणसाला आपण पुढारी म्हणत नाही. "सेक्रेटरी काय, लिहायचं काम." पण संस्थेची आठवण त्याच्या वहीत असते. आपली लेखापरीक्षणे पंचवीस वर्षे वेळेवर झाली. एकदाही दोष दुरुस्ती अहवालावरून आपली धावपळ झाली नाही. हे काही आपोआप घडले नाही. डी विंगमधल्या एका ताईंनी सलग नऊ वर्षे प्रत्येक पावती, प्रत्येक व्हाउचर जपले. प्लंबरने शंभर रुपये नेले तरी त्याची सही घेतली. लोक वैतागायचे. "शंभर रुपयांसाठी सही?" आज ती नऊ वर्षांची खाती उघडा, कोणालाही दहा मिनिटांत समजतात.

इथेच एक नाव आणखी घेतले पाहिजे. काकांच्या पत्नी सरस्वतीबाई जोशी यांनी पुण्यात स्त्री विचारवती ही बायकांची संस्था चालवली. निरनिराळ्या जातींच्या बायकांना हळदीकुंकवासाठी एकत्र बोलावले. त्या काळात हे किती धाडसाचे होते याचा अंदाज करा. बाहेरून पाहिले तर हळदीकुंकू, आतून पाहिले तर आजवर एकमेकींच्या शेजारी न बसलेल्या बायका एका ओळीत बसल्या. आपल्या भोंडल्याचे आणि दिवाळी पहाटचे काम करणाऱ्यांना "सांस्कृतिकवाले" म्हणून आपण जरा बाजूला ठेवतो. पण ए आणि डी विंगचे पार्किंगवरून दोन वर्षे बोलणे बंद होते, ते सुरू कुठे झाले? मीटिंगमध्ये नाही. भोंडल्याच्या खिरापतीवर.

दुष्काळात काय झाले

या वेगवेगळ्या तऱ्हा एकमेकींना किती पूरक होत्या हे कळते १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात. दख्खनमध्ये माणसे आणि जनावरे मरत होती. सरकारी अहवालांत परिस्थिती आटोक्यात असल्याचे लिहिले जात होते.

सभेने ठिकठिकाणी आपले प्रतिनिधी पाठवून गावांची माहिती मागवली. दुष्काळी कामांवर मजुरी किती मिळते, धान्याचा भाव काय, किती लोक गाव सोडून गेले, गुरे किती उरली, अशा नोंदी आल्या. गावकरी अनोळखी माणसाला हे सांगत नाहीत. ते सांगितले गेले, कारण काकांनी माणसे जोडून ठेवली होती. आलेली माहिती तशीच पाठवली असती तर ती रडगाणे म्हणून टोपलीत गेली असती. तिला आकड्यांची आणि युक्तिवादाची शिस्त लागली, ती रानड्यांच्या वळणाची. आणि मग सभेच्या सहीने एकामागून एक पत्रे सरकारकडे जात राहिली, ते चिटणिसांचे काम. ही दुष्काळवृत्ते आजही अभ्यासक वाचतात.

यातला एक माणूस वगळा. काका नसते तर माहिती आली नसती. रानडे नसते तर माहिती नुसती तक्रार राहिली असती. चिपळूणकर नसते तर ती टेबलावर पडून राहिली असती. यांत मोठा कोण, असा प्रश्न मुले मला विचारत. मी उलट विचारी, "पोळीत कणीक मोठी की तवा?"

२५ जुलै १८८० रोजी सार्वजनिक काका गेले. वय अवघे बावन्न.

प्रश्न विचारणारा

चौथी तऱ्हा त्यानंतरची, आणि ती सांगताना पुण्यात अजून आवाज चढतात. मी दोन्ही बाजूंचा आदर ठेवून सांगतो.

१८९० मध्ये गोपाळ कृष्ण गोखले सभेचे चिटणीस झाले. वय २४. रानड्यांच्या हाताखाली तयार झालेले, सरकारी अहवाल आणि अंदाजपत्रके ओळीने वाचणारे, त्रैमासिकाचे संपादकही तेच. त्याच वर्षी लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. टिळकांची रीत वेगळी. त्यांच्या मते, अर्ज नुसता मुंबईला पाठवून भागत नाही. ज्याच्यासाठी अर्ज आहे त्या शेतकऱ्याला त्याचा हक्क कळला पाहिजे, आणि त्याने तो मागितला पाहिजे.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण १८९५ च्या जुलैमध्ये सभेच्या व्यवस्थापक मंडळाच्या निवडणुकीत टिळकपक्षाने बहुमत मिळवले. निवडणूक रीतसर होती. मात्र जुन्या मंडळींना त्या घरात राहणे अवघड झाले. गोखले चिटणीसपदावरून दूर झाले आणि १८९६ मध्ये रानडे-गोखले पक्षाने वेगळी डेक्कन सभा काढली. ज्या संस्थेत रानड्यांनी पाव शतक घालवले होते, तिच्यातून ते बाहेर पडले. पाव शतक म्हणजे आपली आजची सोसायटी जेवढी जुनी तेवढा काळ.

त्याच १८९५ मध्ये डिसेंबरात पुण्याला काँग्रेसचे अधिवेशन होते. काँग्रेसच्या मांडवात रानड्यांची सामाजिक परिषद भरायची की नाही यावर शहर पेटले. रानड्यांनी काय केले? परिषद दुसऱ्या जागी नेली. काँग्रेसचे अधिवेशन मोडू नये म्हणून आपला हक्काचा मांडव सोडला. काहींना तो कमकुवतपणा वाटला. मला त्यात पुढारीपणाची एक अवघड परीक्षा दिसते. मोठे काम वाचवायला लहान लढाई सोडता येते की नाही, याची.

पुढे काय झाले ते पाहा. १८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. टिळकांच्या सभेने मराठी पत्रके छापून गावोगाव माणसे पाठवली. सरकारच्याच दुष्काळ संहितेत तुम्हाला कोणते हक्क दिले आहेत, सारा भरायची ऐपत नसेल तर काय करायचे, हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगितले. वीस वर्षांपूर्वीच्या सभेने हे केले नव्हते. तिने सरकारला सांगितले होते, आता शेतकऱ्याला सांगितले जात होते. हे फार मोठे पाऊल होते. सरकार बिथरले, आणि १८९७ मध्ये त्याने सभेची मान्यताच काढून घेतली. सार्वजनिक प्रश्नांवर सरकारशी बोलणारी संस्था म्हणून तिला यापुढे जमेस धरणार नाही, असे जाहीर केले. सभेच्या कागदांचे वजन गेले. दुसरीकडे डेक्कन सभेने १८९७ मध्ये गोखल्यांना वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेला पाठवले. ती साक्ष आकड्यांनी भक्कम होती आणि तिची वाहवा झाली. पण त्या सभेचा आवाज पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या वर्तुळाबाहेर फारसा गेला नाही.

म्हणजे एका घरात लोक उरले आणि दुसऱ्या घरात कागद. दुष्काळ मात्र दोन्ही घरांच्या बाहेर एकच होता.

टिळक चूक की गोखले चूक हा वाद मी इथे घालत नाही. देशाला दोघांचीही गरज होती आणि पुढे दोघांनीही आपापल्या मार्गाने मोठी कामे केली. माझा मुद्दा फक्त त्या एका संस्थेपुरता आहे. मतभेद काका आणि रानडे यांच्यातही असणारच, स्वभाव तर दोन टोकांचे. पण एकाने दुसऱ्याचे काम "बिनकामाचे" मानले नाही. तऱ्हा वेगळ्या असल्याने सभा दुबळी झाली नाही. एका तऱ्हेच्या माणसांना दुसरी तऱ्हा नकोशी झाली तेव्हा ती दुबळी झाली.

आपल्या घरी

हा चौथ्या तऱ्हेचा माणूस आपल्याकडेही आहे, आणि त्याचा सर्वांना त्रास होतो. एजीएमला सगळे वडा-चटणीकडे बघत असताना जो उठतो आणि म्हणतो, "सिंकिंग फंडाची ठेव कोणत्या बँकेत आहे आणि व्याज किती आलं?" त्याला आपण "खुसपटे" म्हणतो. लिफ्टच्या देखभालीच्या करारात दरवर्षी वाढ लागत होती आणि एक नादुरुस्त सुटा भाग दोनदा बिलात आला होता, हे याच माणसाने शोधले. त्या दिवशी मीटिंगमध्ये तो ज्या सुरात बोलला तो सूर मला आवडला नव्हता. पण बिल कमी झाले ते त्या सुरामुळे झाले, हेही खरे. नंतरच्या निवडणुकीत आपण सगळ्यांनी मिळून त्याला कमिटीबाहेर ठेवले. तेव्हापासून कमिटीच्या बैठका शांततेत आणि लवकर आटोपतात. ही गोष्ट चांगली की वाईट, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

आता पुढे काय आहे? इमारत पंचवीस वर्षांची झाली. पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतींचे दर पाच वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करून घ्यावे असे आदर्श उपविधी सांगतात. मागच्या परीक्षणाच्या अहवालात गच्चीचे वॉटरप्रूफिंग, बाहेरचे प्लॅस्टर आणि काही कॉलम यांच्याबद्दल जे लिहिले आहे ते सूचना फलकावर लावले होते. किती जणांनी वाचले माहीत नाही. हे काम एका वर्षाच्या मेंटेनन्समधून होणारे नाही. मोठी वर्गणी काढावी लागेल. वरच्या मजल्यावरचे म्हणतील गळती आमच्याकडे आहे, तळमजल्यावरचे म्हणतील आम्ही का द्यायचे. भाडेकरू ठेवलेले सभासद पुण्याबाहेर आहेत. काही घरांत आता फक्त पेन्शनवर चालणारे आजी-आजोबा आहेत, त्यांना एकरकमी भरणे जड जाईल. हा आपला दुष्काळ आहे, असे मी म्हणत नाही. पण आपल्या सभेची परीक्षा आहे.

त्या परीक्षेला एक चेअरमन पुरणार नाही, मग तो कितीही धडाडीचा असो. दारोदार जाऊन, चहा पिऊन, पेन्शनवाल्या आजींना हप्त्यांची सोय सांगणारा कोणीतरी लागेल. तीन कंत्राटदारांची अंदाजपत्रके ओळीने वाचणारा लागेल. प्रत्येक रुपयाची पावती ठेवणारी लागेल. रागावलेल्या दोन विंगना एका पंगतीत बसवणारी लागेल. आणि "हे दर इतके का?" असे भर मीटिंगमध्ये विचारणारा, तोही लागेल. तो कमिटीत असला तर प्रश्न वेळेवर येतील. बाहेर ठेवला तर काम अर्धे झाल्यावर येतील.

आणि कमिटीच झाली नाही तर? पुरेशी माणसे पुढे आली नाहीत तर निबंधक कार्यालय प्रशासक नेमू शकते. प्रशासक हा चांगला माणूसही असू शकतो. पण गच्ची गळते तेव्हा त्याच्या डोक्यावर पाणी पडत नाही.

ताईंनी म्हटले होते, "मला फक्त हिशेब कळतो." ताई, मग तुम्ही अर्ज भराच. ज्यांना चारचौघांत बोलता येत नाही त्यांनीही भरावा, कागद वाचायला बोलावे लागत नाही. ज्यांना भांडता येते त्यांनी तर जरूर भरावा, आणि आपण बाकीच्यांनी त्यांना मत द्यावे. पहिल्या चेअरमनसाहेबांसारखा माणूस पुन्हा मिळेल की नाही, हा प्रश्नच आता सोडून देऊ. त्यांच्या वेळीही रात्री टँकरखाली ते एकटे नव्हते. फायली दुसरे कोणी करत होते, वही तिसरे कोणी लिहीत होते, आणि पाणी गढूळ आले म्हणून चौथे कोणी ओरडत होते.

पुण्याची सार्वजनिक सभा आजही आहे. दीडशे वर्षे उलटली, चढउतार पाहिले, तरी पाटी उतरली नाही. आपल्याला पंचवीस झाली. निवडणुकीचे अर्ज ऑफिसमध्ये ठेवले आहेत. वेळ संध्याकाळी सहा ते आठ.